घड्याळ घेण्याआधी : ट्रायथलॉनकडे निघालेल्या मित्राला पत्र

प्रिय मित्रा,
स. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. दहा किलोमीटर आरामात होतात, पुढे गोव्याच्या आयर्नमॅन ७०.३ ला, म्हणजे पोहणं-सायकल-धावणं अशा अर्ध्या अंतराच्या ट्रायथलॉनला, उतरायचंय आणि घड्याळांच्या तुलना वाचून डोकं भणभणलंय, असं लिहिलंयस. त्या तुलना जरा बाजूला ठेव. घड्याळावरचा प्रत्येक आकडा येतो कुठून आणि चुकतो कधी हे समजलं, की पैसे कशासाठी मोजायचे ते तुझं तुलाच दिसेल.

आधी मोठी चाळणी लावू. तुला मल्टिस्पोर्ट (म्हणजेच ट्रायथलॉन) मोड हवाच. १.९ किमी पोहणं, ९० किमी सायकल, २१.१ किमी धावणं आणि मधली दोन ट्रान्झिशन (एक प्रकार संपवून दुसऱ्याची तयारी) हे सगळं एकाच नोंदीत बसतं आणि लॅपचं, म्हणजे टप्पा बदलण्याचं, बटण दाबत तू पुढे जातोस. बहुतेकांची फसगत इथेच होते. गार्मिनचं फोररनर १६५ धावायला उत्तम आहे, पोहणं आणि सायकलही मोजतं. पण त्यात ट्रायथलॉन मोड नाही आणि सायकलचं पॉवर मीटर (पायडलवर लावलेला जोर मोजणारं यंत्र) त्याला जोडता येत नाही. २६५ मध्ये दोन्ही आहे, त्याआधीच्या २५५ मध्येही आहे. कोरोस पेस ३ मध्ये ट्रायथलॉन मोड आहे आणि ते हाताला अगदी हलकं लागतं, पण सेन्सर फक्त ब्लूटूथचे चालतात. कुणाकडून जुना, फक्त ॲन्ट प्लसवर (ब्लूटूथसारख्याच दुसऱ्या बिनतारी पद्धतीवर) चालणारा सेन्सर घेतला असशील तर तो वाया जाईल. अगदी नवं मॉडेल शोधण्यापेक्षा आदल्या पिढीचं, किंमत उतरलेलं पण मल्टिस्पोर्ट असलेलं घड्याळ घे, असं माझं स्पष्ट मत आहे.

बॅटरीचा हिशोब सोपा आहे. ७०.३ ची मुदत साधारण साडेआठ तास. खोक्यावरचा आकडा बहुधा साध्या जीपीएसचा असतो; दुहेरी फ्रिक्वेन्सी (उपग्रहाचे दोन संदेश एकदम ऐकणं), सतत उजळलेला पडदा आणि जोडलेले सेन्सर मिळून तो बराच खाली येतो, शिवाय दोन-तीन वर्षांत बॅटरी थकते. म्हणून तू वापरणार त्याच मोडमध्ये किमान १४-१५ तास मिळाले पाहिजेत. पूर्ण अंतराच्या आयर्नमॅनचं स्वप्न असेल, तर तिथली मुदत १७ तासांची असते. तेव्हा २५ तासांच्या खाली जाऊ नकोस.

आता जीपीएस. उपग्रह सुमारे २०,२०० किमी उंचीवर आहेत आणि त्यांचा संदेश पोचेपर्यंत फार क्षीण झालेला असतो. उंच इमारतींच्या गल्लीत तो भिंतींवर आपटून उशिरा येतो, घड्याळाला वाटतं तू पलीकडच्या फुटपाथवर आहेस. दुहेरी फ्रिक्वेन्सीचं घड्याळ १५७५.४२ मेगाहर्ट्झच्या एल-१ सोबत १,१७६.४५ मेगाहर्ट्झचा एल-५ ऐकतं. एल-५ ची रचना अशी आहे की सरळ आलेला आणि आपटून आलेला संदेश वेगळा ओळखता येतो. मुंबईत सीएसएमटीच्या आसपास, दादाभाई नौरोजी रस्त्यावर धावणाऱ्याला हा फरक नकाशावर दिसतो. तू मात्र पुण्यात विद्यापीठाच्या आवारात आणि वेताळ टेकडीवर धावतोस. तिथे साधा मोडही बऱ्यापैकी काम करतो. केवळ या एका गोष्टीसाठी बजेट ताणू नकोस. बोगद्यात किंवा उड्डाणपुलाखाली तर कुठलंच घड्याळ उपयोगी नाही.

त्यापेक्षा सवयी लाव. उपग्रहाची कक्षा सांगणारी माहिती आकाशातून दर ३० सेकंदांनी पुन्हा पुन्हा येते. ती फोनमार्फत आधीच घेतलेली असेल तर घड्याळ लवकर जागेवर येतं, म्हणून आदल्या रात्री फोनशी सिंक कर. सकाळी जिन्यात नव्हे, उघड्यावर उभा राहा आणि हिरवी खूण आल्यावरही मिनिटभर थांब. नोंद दर सेकंदाला होईल असं सेटिंग ठेव. ‘स्मार्ट’ नोंदीत मधले बिंदू गळतात.

शर्यतीत घड्याळ २१.१ ऐवजी २१.३ दाखवेल. घाबरू नकोस, आयोजकांना दोषही देऊ नकोस. प्रमाणित मार्ग सर्वांत जवळच्या रेषेवरून सायकलने मोजतात आणि तो कमी पडू नये म्हणून हजारात एक भाग जादा धरतात. तू वळणं बाहेरून घेतोस, पाण्याच्या टेबलाकडे वळतोस, त्यात जीपीएसचा थरथराट मिसळतो. दोन तासांत अर्धमॅरेथॉन करायची तर किलोमीटरला ५ मिनिटं ४१ सेकंद, म्हणजे ५:४१ चा पेस लागतो, पण घड्याळाच्या ५:४१ वर विसंबलास तर २१.३ किमीला २ तास १ मिनिट ३ सेकंद होतात. म्हणून शर्यतीत ऑटो-लॅप (घड्याळाने आपोआप पाडलेला लॅप) बंद कर आणि किलोमीटरच्या पाटीपाशी लॅप स्वतः दाब. पडद्यावर क्षणाचा पेस ठेवूच नकोस, तो सतत उड्या मारतो. लॅप पेस, म्हणजे चालू लॅपची सरासरी, ठेव. ऑटो-पॉज तर शर्यतीत नकोच, तुझ्यासाठी घड्याळ थांबलं तरी आयोजकांचं चालूच असतं.

चढाचं धावणं असेल तर हवेच्या दाबावरून उंची मोजणारा बॅरोमीटर हवा. सगळे उपग्रह डोक्याच्या वरच्या बाजूला असल्याने जीपीएसची उंची आडव्या अंतरापेक्षा जास्त चुकते. दाब समुद्रसपाटीजवळ दर ८ मीटरला साधारण १ हेक्टोपास्कलने उतरतो, त्यामुळे साताऱ्याच्या यवतेश्वर घाटाचा चढ बॅरोमीटर नीट पकडतो. त्याची बारीक भोकं घामाच्या मिठाने बुजली की उंची एका जागी अडकते; नळाखाली कोमट पाण्यात घड्याळ हलवलं की ती मोकळी होतात.

आता सर्वांत महत्त्वाचं : हृदयाचे ठोके. मनगटावरचा सेन्सर हिरवा प्रकाश टाकून रक्ताची भरती-ओहोटी पाहतो. पट्टा सैल असेल, थंडीत कातडीकडचा रक्तप्रवाह आटला असेल किंवा तू सायकलचं हँडल घट्ट धरलं असशील, तर तो गोंधळतो. सर्वांत फसवी चूक म्हणजे तो ठोक्यांऐवजी पावलं मोजू लागतो. सावकाश धावताना, गप्पा मारता येत असताना १७२ दिसलं आणि पावलंही मिनिटाला १७२ असली, तर तो आकडा हृदयाचा नाही. घड्याळ मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, कोपराकडे सरकवून घट्ट बांध. इंटरव्हलसाठी (आलटून-पालटून जोरात आणि सावकाश धावण्यासाठी) तेवढंही पुरत नाही.

म्हणून महागडं मॉडेल घेण्यापेक्षा एक पायरी खालचं घड्याळ आणि सोबत छातीचा पट्टा घे. तो हृदयाचा विद्युतसंकेतच वाचतो. बांधण्याआधी इलेक्ट्रोड पाण्याने ओले कर, नाहीतर घाम येईपर्यंत पहिली दहा मिनिटं वेडेवाकडे आकडे येतात. धावून आल्यावर सेन्सरची डबी पट्ट्यापासून सोड, नाहीतर ओल्या पट्ट्यामुळे ती चालूच राहते आणि सेल संपतो. पट्टा साध्या पाण्यात धू.

जास्तीत जास्त ठोके घड्याळ २२० वजा वय असे धरतं. तुझ्या २४ व्या वर्षी १९६. खरा आकडा २०५ असेल तर सगळे झोन (ठोक्यांवरून ठरवलेल्या सोप्या ते कठीण पायऱ्या) खाली सरकतील आणि सोपं धावणंही घड्याळ कठीण म्हणेल. डॉक्टरांची हरकत नसेल तर नीट वॉर्म-अप करून चढावर तीन-तीन मिनिटांचे तीन जोरदार फेरे मार, शेवटचा जीव तोडून. पट्ट्यावर दिसेल तो सर्वांत वरचा आकडा भर. व्हीओटू मॅक्सचा (शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं त्याचा) अंदाजही याच ठोक्यांवर आणि पेसवर बेतलेला असतो. एप्रिल-मेच्या उकाड्यात ठोके चढतात म्हणून तो घसरतो. तुझी तयारी घसरलेली नसते.

पोहण्याच्या तलावात जीपीएसचा संबंध नाही. घड्याळ हाताच्या हालचालीवरून भिंतीला दिलेला रेटा ओळखतं आणि तू भरलेल्या लांबीने गुणतं. सोसायटीचा तलाव २५ मीटरचा असेलच असं नाही, टेपने मोज आणि तेवढी छोटी लांबी घड्याळ स्वीकारतं का ते पाहा. मध्येच थांबलास तर जादा फेरी पडते. किकबोर्ड धरून पाय मारलेस तर हात स्थिर असल्याने फेरीच पडत नाही, त्यासाठी ड्रिल मोड वापर, त्यात अंतर तू स्वतः भरतोस. पाण्यातून ब्लूटूथ जात नाही. पोहतानाचे ठोके हवे असतील तर स्वतःच्या आत नोंद साठवणारा पट्टा लागतो.

मिरामारसारख्या खुल्या पाण्यात प्रत्येक हातागणिक मनगट बुडतं आणि संदेश तुटतो, त्यामुळे अंतर थोडं इकडेतिकडे होणारच. तिथे दिशेसाठी बोयाकडे (मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेकडे) बघ, घड्याळाकडे नको. घड्याळाच्या जलरोधकतेत ५ एटीएम लिहिलेलं असलं की पोहायला पुरतं; नुसतं आयपी ६८ असेल तर नाही. ओल्या बोटांना टचस्क्रीन दाद देत नाही, म्हणून खरी बटणं असलेलंच घे. लॅप दोनदा दाबला गेला तर सायकल सुरू होण्याआधीच घड्याळ पुढे सरकतं. हा क्रम घरात पाच वेळा दाबून पाठ कर. समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्याने धू आणि चार्जिंगच्या पिना कोरड्या झाल्याशिवाय चार्जर लावू नकोस, त्या गंजतात.

परदेशातून कुणाकडून मागवत असशील तर भारतात वॉरंटी चालते का ते आधी लेखी विचार. घड्याळ हातात आल्यावर परतीची मुदत असेपर्यंत दोन चाचण्या कर. ट्रॅकवर पहिल्या लेनमध्ये दहा फेऱ्या, म्हणजे ४ किमी. आणि नेहमीच्या मार्गावर एक तासाचं धावणं, पट्टा जोडून एकदा, न जोडता एकदा. तिन्ही फाइली मला पाठव. दोन्ही धावण्यांचे ठोक्यांचे आलेख शेजारी ठेवून बघू आणि मगच खोकं फेकून दे.

तुझा
काका