बोटांच्या बेचक्यात खाज येतेय म्हणालीस, म्हणून

अगं, कातडी फाटतेय ते थंडीमुळे म्हणून सोडू नकोस. मीही दोन वर्षं तेच म्हणत बसले होते.

आपलं मालिशचं काम म्हणजे दिवसभर तेल, मग साबण, पुन्हा तेल. साबणाने कातडीचं नैसर्गिक स्निग्ध आवरण धुऊन जातं आणि मग काहीही झोंबतं. हात तेलकट नसतील तेव्हा दोन पेशंटच्या मध्ये सॅनिटायझर चोळ. कातडी शाबूत असेल तर तो साबणापेक्षा कमी त्रास देतो. धुवायचेच तर कोमट पाण्याने, अंगठी काढून. तिच्याखाली साबण अडकून राहतो. रात्री व्हॅसलीन, भरपूर.

सुगंधी तेलांपासून मात्र जप. लॅव्हेंडरच्या तेलातल्या लिनालूल या वासाच्या घटकाला हवा लागत राहिली की त्यातून ॲलर्जी आणणारी द्रव्यं बनतात. उघडलेली बाटली वर्षभर पुरवून वापरायची आपली काटकसर इथे महागात पडते. बाटलीवर 'नैसर्गिक' लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नकोस. बिनवासाचं साधं तेल घे, पेशंट कुरकुरले तरी.

आणि केमिस्टकडून खाजेची ट्यूब आणू नकोस, त्यांतल्या पुष्कळांत स्टेरॉइड असतं. त्वचारोगतज्ज्ञाकडे जाऊन पॅच टेस्ट कर, म्हणजे कशाची ॲलर्जी आहे ते बघायची तपासणी. पाठीवर पट्ट्या लावतात, 48 तासांनी काढून बघतात, मग एक-दोन दिवसांनी पुन्हा. तोवर पाठ भिजवायची नाही, त्यामुळे मे महिन्यात नको! जाताना आपल्या तेलांच्या, क्रीमच्या बाटल्या, ग्लोव्ह्जसुद्धा घेऊन जा. सुट्टीवर असताना हात बरे होतात का, तेही डॉक्टरांना सांग.