एनबीए २०१९-२०: जास्तीचा एक सामना आणि गळालेले चार

तुम्ही लिहिलंय की तुमच्या शीटमध्ये एनबीएच्या (अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या) २०१९-२० च्या नियमित मोसमातल्या सामन्यांची बेरीज १०६० येते, मोसम थांबला त्या ११ मार्चपर्यंतचा फिल्टर लावला की ९६७ येतात, आणि दोन्ही आकडे कुठल्याच तक्त्याशी जुळत नाहीत. हे दुखणं चांगलंच ओळखीचं आहे. खरे आकडे १०५९ आणि ९७१. शीटमध्ये निदान दोन वेगवेगळ्या चुका आहेत आणि त्यांचा एकमेकींशी संबंध नाही, त्यामुळे एक काढली की दुसरी आपोआप जाईल या भरवशावर राहू नका.

बबल म्हणजे कोरोनामुळे मोसम थांबल्यावर बावीस संघांना एकाच संकुलात ठेवून पुढचे सामने खेळवले तो टप्पा; बावीसच संघ का बोलावले, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो.

आधी ९६७. तुमच्या फाइलमधल्या तारखा भारतीय वेळेत आहेत. ११ मार्च २०२० च्या रात्री सहा सामने होते. ओक्लाहोमा सिटीत जॅझच्या रुडी गोबेरला कोरोना झाल्याचा अहवाल आला आणि जॅझ-थंडर सामना सुरू व्हायच्या तोंडावर थांबवला. सॅक्रामेंटोतला पेलिकन्स-किंग्जही रद्द झाला, कारण तिथल्या एका रेफ्रीने दोनच दिवसांपूर्वी जॅझच्या सामन्यात काम केलं होतं. उरलेले चार पूर्ण झाले: पिस्टन्स-सिक्सर्स, निक्स-हॉक्स, हॉर्नेट्स-हीट आणि नगेट्स-मॅव्हरिक्स. त्या वेळी आपल्याकडे १२ तारीख उजाडत होती. त्यामुळे ‘११ मार्च किंवा आधी’ असा फिल्टर लावला की नेमके हे चार गळतात. खात्री करायची तर डॅलस (मॅव्हरिक्स) आणि अटलांटा (हॉक्स) यांचे सामने मोजा. ६७ ऐवजी ६६ दिसतील. उपाय सोपा आहे. सगळ्या भारतीय वेळांमधून सरसकट साडेदहा तास वजा करा, म्हणजे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची वेळ येईल, आणि मग तारीख काढा. तिथल्या उन्हाळी वेळेत फरक साडेनऊ तासांचा असतो हे खरं, पण तिथे मध्यरात्रीनंतर सामने सुरू होत नाहीत, त्यामुळे तारीख चुकत नाही. नेमकी वेळ हवी असेल तर मात्र ही पळवाट चालणार नाही.

आता १०६०, म्हणजे खरी डोकेदुखी.

हिशेब असा: ठरलेले सामने १२३०, थांबेपर्यंत झालेले ९७१, म्हणजे उरलेले २५९. जुलै-ऑगस्टमध्ये बावीस संघांनी प्रत्येकी आठ मानांकन सामने (प्ले-ऑफमधलं स्थान ठरवणारे) खेळले, म्हणजे ८८. हे ८८ नियमित मोसमात धरतात. एकूण १०५९. जास्तीचा एक आहे तो १५ ऑगस्टचा पोर्टलंड (ब्लेझर्स) विरुद्ध मेम्फिस (ग्रिझलीज) हा प्ले-इन सामना (१२६-१२२), म्हणजे प्ले-ऑफमधली शेवटची जागा ठरवणारा. तो नियमित मोसमात धरत नाहीत आणि प्ले-ऑफमध्येही धरत नाहीत. त्याचा रकाना स्वतंत्र. तुमच्या शीटमध्ये विजय-पराभव ब्लेझर्स ३६-३९ आणि ग्रिझलीज ३४-४० असे दिसत असतील. बरोबर नोंद अनुक्रमे ३५-३९ आणि ३४-३९ आहे.

ही चूक पकडायला इतका वेळ लागतो, कारण ती कुठेच टोचत नाही. ब्लेझर्स दोन्ही हिशेबांत आठवेच राहतात. ब्लेझर्सच्या डेमियन लिलार्डची गुणांची सरासरी ६६ सामन्यांत ३०.० आहे, प्ले-इनमधले त्याचे ३१ गुण चुकून मिळवले तरी ६७ सामन्यांत ३०.०च येते. सरासरी बघून समाधान मानणाऱ्याला हे कधीच कळणार नाही. ग्रिझलीजच्या जा मोरँटची मात्र १७.८ वरून १८ च्या वर सरकते, कारण त्या दिवशी त्याने ३५ केले. म्हणून तपासताना सरासरीकडे बघू नका, सामन्यांची संख्या बघा.

इथे थोडं तोंड सोडतो, माफ करा. हा सामना नियमित मोसमात कोंबलेला डेटा विकणारे आजही आहेत. नाव घेत नाही. त्यांच्या मूळ रचनेत ‘नियमित’ आणि ‘प्ले-ऑफ’ असे दोनच कप्पे होते, तिसरा कप्पा करण्याची तसदी कोणी घेतली नाही. मदतकक्षाला लिहिलं की ठरलेलं उत्तर येतं: आमची माहिती अधिकृत स्रोतावरून येते, आपली तक्रार बंद करण्यात येत आहे. पुन्हा लिहिलं की नवा तक्रार क्रमांक आणि तेच उत्तर. चुकीच्या एका ओळीचे पैसे आधीच दिलेले असतात आणि त्यावर बेतलेला प्रत्येक तक्ता परत उघडावा लागतो. माझं स्पष्ट मत: अशा ठिकाणी भांडत बसण्यात अर्थ नाही. ओळ स्वतः वेगळी काढा, शेजारी शेरा लिहा, पुढे चला. (तुमची फाइल कुठून आली हे तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे हे तुमच्याच विक्रेत्याबद्दल आहे असं समजू नका.)

ओळ ओळखायची खूण सामन्याच्या क्रमांकात असते. लीगच्या दहा आकडी क्रमांकातले पहिले तीन अंक प्रकार सांगतात: ००१ सराव मोसम, ००२ नियमित, ००४ प्ले-ऑफ, ००५ प्ले-इन. पुढचे दोन अंक मोसमाचे, इथे १९, आणि उरलेले सामन्याच्या अनुक्रमाचे. बबलमधल्या सामन्यांना जुने क्रमांक न देता १२३० च्या पुढचे नवे दिले, म्हणजे १२३१ पासून. पण एक्सेलमध्ये फाइल नुसती दोनदा टिचकी मारून उघडलीत तर सुरुवातीची दोन शून्यं उडतात आणि पहिल्या तीन अंकांवर लावलेली सूत्रं भलतंच काहीतरी सांगतात. तो रकाना ‘टेक्स्ट’ म्हणून आयात करा.

याच क्रमांकांमुळे आणखी एक घोळ होतो. जुन्या वेळापत्रकातल्या न झालेल्या २५९ ओळी काही फाइलींमध्ये ०-० म्हणून पडून असतात. ‘यजमानाचे गुण जास्त तर विजय, नाहीतर पराभव’ असं साधं सूत्र असेल तर त्या प्रत्येक ओळीत यजमान हरतो. जॅझ-थंडर तर दोनदा दिसेल: एकदा ११ मार्चला ०-०, आणि एकदा १ ऑगस्टला, थंडर ११०, जॅझ ९४. पहिली ओळ पुसा. ज्या ओळीत दोन्ही बाजूंना शून्य आहे ती आधी फेका, बाकी नंतर.

क्रमवारी लावताना विजयांच्या संख्येवर लावू नका. सामने सारखे नाहीत. लेकर्स ७१ खेळले, डॅलस ७५, मिनेसोटा ६४. टक्केवारीच लावा. ‘किती सामने मागे’ हेही टक्केवारीला पर्याय नाही. मोसम थांबला तेव्हा ग्रिझलीज ३२-३३ होते, ब्लेझर्स २९-३७, पेलिकन्स आणि किंग्ज दोघेही २८-३६. विजयांतला फरक अधिक पराभवांतला फरक, भागिले दोन: तिघेही ग्रिझलीजच्या बरोबर साडेतीन सामने मागे. टक्केवारीत मात्र ब्लेझर्स .४३९ आणि बाकी दोघे .४३८, म्हणून नववे ब्लेझर्स. दशांशाची तीन स्थळं ठेवा, दोन ठेवलीत तर तिघे सारखे दिसतील.

पुरस्कारांचा तक्ता जोडणार असाल तर तिथे ११ मार्चचीच रेघ आहे. यानिस अँटेटोकुंपोचा एमव्हीपी (मोसमातला सर्वोत्तम खेळाडू) असो की मोरँटचा सर्वोत्तम नवोदित, मतदान तोपर्यंतच्या खेळावर झालं. मानांकन सामने त्यात नाहीत. ड्राफ्टच्या लॉटरीतली (नवे खेळाडू निवडण्याचा क्रम ठरवणाऱ्या सोडतीतली) शक्यताही ११ मार्चच्या स्थितीवरूनच ठरली. म्हणूनच बबलमध्ये ८-० खेळूनही प्ले-ऑफला मुकलेल्या फीनिक्सची लॉटरीतली जागा जुन्या २६-३९ वरच राहिली. तेव्हा प्रत्येक तक्त्याच्या डोक्यावर ‘११ मार्चपर्यंत’ की ‘१४ ऑगस्टपर्यंत’ हे लिहाच. एकाच शीटमध्ये दोन्ही हवेत तर टप्प्याचा वेगळा रकाना करा आणि पिव्होट त्यावर फिरवा.

घरचे-बाहेरचे सामने हा माझ्या मते सरळ सोडून द्यावा असा विषय आहे, पण तुम्ही विचारलंय म्हणून. बबलमध्ये सगळे ऑर्लँडोजवळच्या एकाच संकुलात होते. प्रत्येक संघाला चार सामन्यांत कागदोपत्री यजमान ठरवलं. फिलाडेल्फियाचे सिक्सर्स मोसम थांबण्यापूर्वी घरी २९-२ होते, अधिकृत नोंद ३१-४ आहे. फिलाडेल्फियाच्या प्रेक्षकांसमोर खेळलेले सामने एकतीसच. घरच्या मैदानाचा फायदा मोजायचा असेल तर ८८ सामने सरळ वगळा.

सगळं झालं की शेवटची बेरीज करा: तीस संघांचे विजय १०५९, पराभव १०५९, सामन्यांचा रकाना २११८. तिन्ही जुळले तर बहुतेक काम झालं. बहुतेक म्हणतोय, कारण दोन चुका एकमेकींना झाकू शकतात. म्हणून ज्या आठ संघांना बोलावलं नाही त्यांची बेरीजही वेगळी पाहा. त्यांचे सामने ६४ ते ६७ च्या मध्येच हवेत.

प्रत्येकी नेहमीचे ८२ सामने झाले असते तर काय, असे गुणाकार करून विक्रमांचे तक्ते कृपया बनवू नका. १९९८-९९ मध्ये ५० आणि २०११-१२ मध्ये ६६ सामने होते, पण तिथे निदान सगळ्यांना सारखे होते. इथे तेही नाही. (सामन्यांची संख्या असमान असलेला जवळचा दाखला हवाच असेल तर २०१२-१३ चा बोस्टन-इंडियाना सामना पाहा, बोस्टन मॅरेथॉनमधल्या बॉम्बस्फोटानंतर तो रद्द झाला आणि दोघे ८१ वर थांबले.)

तुमच्या शीटमध्ये किंग्जचे ७४ सामने दिसतात असंही तुम्ही म्हणालात. त्यातले जास्तीचे दोन आपल्या वरळीचे. ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ ला एनएससीआय डोममध्ये किंग्ज-पेसर्स झाले, १३२-१३१ आणि १३०-१०६, दोन्ही पेसर्सनी जिंकले. मुंबईत झाले म्हणून कितीही जीव अडकला तरी ते सराव मोसमातले आहेत; मोसम २२ ऑक्टोबरला सुरू झाला. पेसर्सचेही ७५ दिसत असतील, ते ७३ करा. आता प्रश्न असा की हे दोन शिरले तरी तुमची बेरीज १०६२ न येता १०६० कशी आली? म्हणजे आणखी दोन सामने कुठेतरी गळालेत. उरलेल्या अठ्ठावीस संघांचे सामने आधी तपासा आणि आकडे इथे टाका, मग बघू.