घासण्याआधी थोडं थांब

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

भाड्याचा वन बीएचके, तिघं जण, टाकीत बोअरचं पाणी आणि आधीच्या भाडेकरूने मागे ठेवलेला चिकट ओटा. एवढं सगळं लिहून तू शेवटी विचारलंस, ‘सगळ्यात चांगलं क्लीनर कुठलं?’ बाजारातलं जवळजवळ कुठलंही चालेल. अडचण अशी आहे, की तू ते ओतल्या ओतल्या घासायला लागतोस. औषधाने करायचं काम मग मनगटाला करावं लागतं. आधी घाण कशाची आहे ते ओळख, तिला चालणारं औषध लाव, आणि दहा-वीस मिनिटं दुसरं काहीतरी कर. घासणं त्यानंतर, आणि तेही थोडंच लागेल.

घरातली घाण मुख्यतः चार जातींची असते: धूळ, तेल, क्षार आणि बुरशी. साबणाने तेल सुटतं, क्षार ढिम्म हलत नाही. आंबट पदार्थाने क्षार विरघळतो, तेलावर काही होत नाही. म्हणूनच नळावरचे पांढरे डाग साबणाने घासून घासून नळाची चकाकी जाते आणि डाग तिथेच राहतात. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून फेस काढायचा प्रकार तू मोबाइलवर पाहिला असशील. फेस छान दिसतो. पण आम्ल आणि सोडा एकमेकांना मारून टाकतात आणि मागे जवळपास खारट पाणी उरतं. दोन्ही वस्तू वेगवेगळ्या वापर, उपयोगी आहेत.

ओट्यापासून सुरुवात कर. फोडणीचे शिंतोडे ताजे असतात तेव्हा ते नुसतं तेल असतं. रोजच्या आचेने आणि हवेने ते घट्ट होत जातं, आणि काही महिन्यांत त्याचा पिवळट, राळेसारखा चिकट थर बनतो. मग साधा साबण पुरत नाही. तेव्हा जेवण उरकल्यावर शेगडी कोमट असतानाच पुसून घ्यायची सवय लाव. स्प्रेच्या बाटलीत अर्धा लिटर पाणी आणि भांड्यांच्या लिक्विडचा एक छोटा चमचा, एवढं मिश्रण आठवडाभर जातं. शेगडी, मागच्या टाइल्स आणि ओटा यांवर मार, दोन मिनिटं थांब, ओल्या फडक्याने पूस, मग कोरड्या फडक्याने. हा कोरडा हात बहुतेक लोक टाळतात. साबणाचा पातळ थर राहिला की त्यावर धूळ बसते आणि दुसऱ्या दिवशी ओटा हाताला परत चिकट लागतो.

जुन्या थरासाठी धुण्याचा सोडा आण. खाण्याचा नको, तो फार सौम्य पडतो. एक लिटर कडकडीत पाण्यात पोह्याचे दोन चमचे सोडा विरघळव, जुनं बनियन त्यात बुडवून टाइल्सवर चिकटव आणि वरून प्लास्टिकची पिशवी लाव, म्हणजे ते वाळणार नाही. वीस मिनिटांनी थर मऊ पडलेला असेल. जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने तो खरवडला की पट्ट्या निघतात. हातमोजे घाल, सोड्याने कातडी सोलवटते. चिमणीची स्टीलची जाळी अर्धी बादली गरम पाणी आणि अर्धी वाटी सोडा यात अर्धा तास भिजव. जाळी ॲल्युमिनियमची असेल तर मात्र सोडा नको, ती काळी पडते. तिला गरम पाणी आणि भांड्यांचं लिक्विडच बरं. कुकरलाही हाच नियम.

हळदीच्या डागाने घाबरू नकोस. पांढऱ्या ओट्यावरचा डाग साबण लागताच लालभडक होईल, कारण अल्कलीत हळदीचा रंग बदलतो. पाण्याने धुतलं की तो परत पिवळा होतो. उरलेला पिवळेपणा उन्हाने जातो. प्लास्टिकचे डबे आणि फडकी धुऊन दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेव.

आता बाथरूम. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार बरेच असतात. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतो. भिंतीवरचा प्रत्येक थेंब वाळताना एक पांढरा ठिपका सोडून जातो, एवढीच त्या ‘न निघणाऱ्या’ डागांची गोष्ट. त्यामुळे सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे हातातला छोटा वायपर. शेवटी अंघोळ करणाऱ्याने टाइल्सवरून वरून खाली तो फिरवायचा आणि जमिनीवरचं पाणी मोरीकडे ओढायचं. मिनिटभराचं काम आहे. हे रोज झालं तर महिन्याच्या सफाईत जेमतेम नळच उरतात.

साचलेल्या क्षारावर लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड. किराणा दुकानात मिळतं. एक लिटर कोमट पाण्यात पोह्याचे दोन भरगच्च चमचे घाल. नळाला या पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळ आणि अर्ध्या तासाने जुन्या टूथब्रशने घास. शॉवरच्या तोंडाला हेच पाणी भरलेली पिशवी रबरबँडने बांध आणि तासाभराने सोड. रात्रभर ठेवू नकोस, वरचा मुलामा खराब होतो. टाइल्सवर लावण्याआधी भिंत साध्या पाण्याने ओली करून घे. कोरडे सांधे आम्ल शोषून घेतात आणि आतलं सिमेंट झिजतं.

इथे एक मोठी अट आहे. कडप्पा, शहाबादी आणि संगमरवर हे तिन्ही चुनखडीच्या घराण्यातले दगड आहेत. लिंबू, व्हिनेगर, टॉयलेट क्लीनर, काहीही आंबट पडलं की त्यांचा पृष्ठभाग खाल्ला जातो आणि फिकट, खरखरीत चट्टा उरतो. तो पुसून जात नाही, पॉलिशच करावं लागतं. तुझ्या ओट्याखालच्या फळ्या कडप्प्याच्याच असणार, तिथे लोणच्याची बरणी ताटलीत ठेव. दगड कुठला ते कळत नसेल तर आडबाजूला लिंबूसत्वाच्या पाण्याचा एक थेंब टाकून मिनिटभराने पूस. बुडबुडे आले किंवा चमक गेली, तर त्या दगडाला आम्ल लावायचं नाही. ग्रॅनाइटला सहसा असं होत नाही.

हार्डवेअरच्या दुकानात ‘ॲसिड’ म्हणून मिळणारी बाटली घरात आणूच नकोस. पहिल्या दिवशी टाइल्स लखलखतात, पण त्याच्या वाफेने नळ आणि कड्या गंजतात आणि सांधे पोकळ होतात. सफाईला ताई येत असतील तर त्यांच्याही हाती ते देऊ नकोस.

आणि हे बाकी दोघांनाही वाचून दाखव. टॉयलेट क्लीनरमध्ये बहुधा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ते आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो. बंद, छोट्या बाथरूममध्ये तो फुप्फुसांना इजा करतो आणि जिवावरही बेतू शकतो. ‘दोन्ही टाकू, जास्त स्वच्छ होईल’ हा विचार इथे अजिबात चालत नाही. कमोडला एका दिवशी एकच औषध, आणि ते पूर्ण वाहून गेल्याशिवाय दुसरं नाही. डोळे-घसा चुरचुरला तर काही आवरत बसू नकोस. आधी बाहेर पड. दार-खिडकी बाहेर पडता पडता उघडता आली तर उघड.

कमोडच्या आतल्या पिवळ्या कड्यालाही वेळ हवा. ब्रशने पाणी आत ढकलून पातळी खाली ने, म्हणजे औषध पातळ होणार नाही. कडेच्या आतून लाव, वीस मिनिटं थांब, मग ब्रश.

सांध्यांमधली काळी रेघ बहुतेक वेळा बुरशी असते. तिला ब्लीच: एक भाग ब्लीच, दहा भाग पाणी, दहा मिनिटं, मग भरपूर पाण्याने धुणं. खिडकी उघडी, अंगावर जुने कपडे. पावसाळ्यात ती परत येणारच, कारण तिला ओल लागते. अंघोळीनंतर वीस मिनिटं एक्झॉस्ट पंखा चालू ठेव. भिंतीवर एकाच ठिकाणी ती पुन्हा पुन्हा येत असेल तर पाइप किंवा बाहेरची भिंत झिरपते आहे. ते मालकाला कळव, ब्लीचच्या बाटल्या संपवू नकोस. कपाटही भिंतीला चिकटवून ठेवू नकोस. दोन-तीन इंच जागा ठेव आणि ऊन पडेल त्या दिवशी दारं उघडी टाक.

बाल्कनीतून घाण वास येतो म्हणतोस. मोरीच्या जाळीखाली ट्रॅप असतो. त्यात साचलेलं पाणी खालच्या पाइपमधला वास अडवून धरतं. ती मोरी वापरात नसेल तर उन्हाळ्यात ते पाणी उडून जातं आणि वासाबरोबर झुरळांनाही वाट मिळते. आठवड्यातून एकदा तिथे तांब्याभर पाणी ओत. बहुतेक वेळा एवढ्याने काम होतं. फिनेल ओतत बसलास तर वास फक्त झाकला जातो.

झुरळांसाठी जेल घे. मुगाच्या दाण्याएवढे ठिपके ट्रॉलीच्या बिजागऱ्यांत, सिंकखाली आणि फ्रिजच्या मागे लाव. जेल लावलेल्या जागी स्प्रे मारायचा नाही. फवाऱ्याच्या वासाने झुरळं ते खायला येत नाहीत आणि दोन्ही पैसे वाया जातात. रात्री सिंक कोरडं कर, कारण अन्नावाचून ती बरेच दिवस काढतात, पाण्यावाचून फार काळ नाही. ऑनलाइन आलेले पुठ्ठ्याचे खोके त्याच दिवशी बाहेर काढ, अंडी त्यांतूनही येतात.

फरशीबद्दल थोडक्यात. क्रम वरून खाली, कोरडं आधी, ओलं नंतर. पंख्याच्या पात्यावर जुना अभ्रा चढव आणि दोन्ही बाजूंनी दाबत ओढ, धूळ अभ्र्यातच राहते. सरकत्या खिडकीच्या खाचेत आधी कोरडा ब्रश. पाणी आधी गेलं तर चिखल होऊन तो कोपऱ्यात घट्ट बसतो. मग केर, मग पुसणं. अर्ध्या बादलीला फ्लोअर क्लीनरचं एक झाकण पुरे. दोन-तीन झाकणं टाकली की फरशी चिकट राहते आणि पावलं उमटतात. पाणी राखाडी झालं की बदल, नाहीतर एका खोलीची घाण दुसरीत सारवली जाते. पोछा धुऊन उन्हात टाक. बादलीत पिळून ठेवलेल्या पोछ्याचा वास सगळ्या घराला लागतो, आणि मग लोक अगरबत्ती लावतात.

पसाऱ्याचं दुखणं वेगळं आहे. तुझ्या खोलीत एक खुर्ची असेल जिच्यावर कोणी बसत नाही, कारण तिच्यावर एकदा घातलेले आणि अजून न मळलेले कपडे असतात. त्या कपड्यांना कपाटात जागा नाही आणि धुण्यातही नाही, म्हणून ते खुर्ची धरतात. दारामागे माणशी चार खुंट्या मार. भाड्याच्या घरात भोकं चालत नसतील तर दारावर अडकवायची पट्टी मिळते. किल्ल्या, इअरफोन, बिलं यांना दाराशी एक टोपली. ती भरली की रिकामी करायची, मोठी आणायची नाही. आणि पिशव्यांची पिशवी! २०१८ च्या प्लास्टिकबंदीनंतरही ती प्रत्येक घरात आहेच. त्यातल्या दहा ठेव, बाकी सुक्या कचऱ्यात.

ओला, सुका आणि घातक कचरा वेगळा देणं २०१६ च्या नियमांनी बंधनकारक झालं. त्यात तुझाच फायदा आहे: ओला डबा लहान ठेवला तर तो रोज बाहेर जातो. तळाला वर्तमानपत्राची घडी घाल आणि चहाचा चोथा पिळून टाक. वास सुटतो तो मुख्यतः पाण्यामुळे. दाढीचं पातं जाड कागदात गुंडाळून वर खूण कर. ते उचलणाऱ्याचे हात उघडे असतात.

तिघांत काम वाटताना वार लावू नका. ‘आज तुझी पाळी’ म्हटलं की आधीच्याने किती राखलं यावरून भांडण होतं. जागा वाटून घ्या: महिनाभर ओटा आणि सिंक एकाचं, बाथरूम दुसऱ्याचं, केर-कचरा तिसऱ्याचा, पुढच्या महिन्यात बदल. ज्याच्याकडे बाथरूम आहे तोच वायपर न फिरवणाऱ्याला बरोबर बोलेल. भांडी मात्र ज्याची त्याने, त्याच रात्री.

या रविवारी सगळं काढून बसू नकोस. फक्त ओट्यामागच्या टाइल्स आणि बाथरूमचे नळ घे. सोड्याची फडकी लावून ठेव, ती मुरेपर्यंत नळांना लिंबूसत्वाच्या पाण्यातली फडकी गुंडाळ, आणि मधल्या वेळात चहा पी.

तुझी,
काकू

ता.क. सफाईला हात लावण्याआधी ओटा, टाइल्स, कमोड, भिंतीची ओल आणि खिडक्यांच्या खाचा यांचे तारखेसह फोटो काढून मालकाला पाठव. कडप्प्यावरचे आधीचे चट्टे तर नक्कीच. घर सोडताना डिपॉझिटच्या हिशेबात तेच आधी निघतात.