शेवटच्या अंकात येणारी बाई

प्रिय पोरी,

तुझं पत्र मिळालं. "ताई, नव्या नाटकात पुन्हा सहाच वाक्यं, तीही शेवटच्या अंकात. माझ्याबरोबरच्या मुली नायिका करताहेत. मी अजून किती थांबायचं?" वाचल्यावर आधी फोनच करणार होते. पण फोनवर मी धीर दिला असता, तू 'हो ताई' म्हणाली असतीस आणि प्रश्न होता तिथेच राहिला असता. म्हणून सविस्तर लिहिते.

तुझं पत्र वाचताना मला लोईस स्मिथ ही अमेरिकन नटी आठवत राहिली. चित्रपटांत तिचा चेहरा तू पाहिला असशील, नाव मात्र सहसा कुणाच्या लक्षात राहत नाही. तिला सगळ्यात मोठा मान मिळवून देणारी भूमिका शेवटच्या अंकातलीच आहे, आणि ती तिनं वयाच्या ८९व्या वर्षी केली.

२०१९ मध्ये ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक रंगभूमीवर, एथेल बॅरिमोर थिएटरात, मॅथ्यू लोपेझचं 'द इन्हेरिटन्स' आलं. दोन भागांचं नाटक, मिळून सहा तासांहून मोठं. न्यूयॉर्कमधल्या समलिंगी पुरुषांच्या दोन-तीन पिढ्या, त्यांची प्रेमं, त्यांचे वाद, एड्सच्या साथीत गेलेली माणसं आणि शहराबाहेरचं एक घर, जिथे मरणाच्या दारात असलेल्यांना कुणीतरी आसरा दिला होता. या घराविषयी प्रेक्षक तासन्‌तास ऐकत असतात. रंगमंचावर सगळे पुरुष. आणि दुसरा भाग संपत आला असताना मार्गारेट येते. नाटकातली एकमेव स्त्री. मुलगा समलिंगी आहे हे कळल्यावर तिनं त्याला तोडलं होतं. तो याच घरात शेवटचे दिवस मोजतो आहे हे कळून ती आली आणि पुढे तिथेच राहिली, इतरांच्या मुलांची सेवा करत. हे ती स्वतः सांगते. बस, एवढीच भूमिका.

लंडनमध्ये आदल्या वर्षी हीच भूमिका व्हॅनेसा रेडग्रेव्हनं केली होती. विचार कर, दिग्दर्शक स्टीफन डॉल्ड्रीनं दोन्ही शहरांत एवढ्या थोड्या वेळासाठी एवढ्या मुरलेल्या नट्या का घेतल्या असतील? कारण सहा तास ज्याच्याविषयी बोललं गेलं, त्याची साक्ष देणारी ती एकटीच आहे. तिचं सांगणं प्रेक्षकांना खरं वाटलं नाही, तर मागचे सहा तास कोसळतात. तिच्याकडे ओळख करून द्यायला वेळ नाही, प्रेक्षकांची माया हळूहळू मिळवायला प्रवेश नाहीत. आत येताना आख्खं आयुष्य बरोबर घेऊनच यावं लागतं.

त्या भूमिकेसाठी लोईसला टोनी, म्हणजे ब्रॉडवेवरचं सगळ्यात मानाचं पारितोषिक, मिळालं. करोनामुळे लांबलेला तो समारंभ सप्टेंबर २०२१ मध्ये झाला, तेव्हा ती ९० वर्षांची होती. त्याआधी दोनदा तिला नामांकन मिळालं होतं, पारितोषिक हे पहिलंच. अभिनयाचं टोनी इतक्या मोठ्या वयात तोपर्यंत कुणालाच मिळालं नव्हतं. ब्रॉडवेवर ती पहिल्यांदा उभी राहिली ते वर्ष होतं १९५२.

आता यावरून 'तूही थांब, नव्वदीत मिळेल' असं मी म्हणणार नाही. तसं कुणी सांगितलं तर ऐकूही नकोस. मला या दोन सालांच्या मधली वर्षं महत्त्वाची वाटतात, कारण त्या वर्षांत ती थांबून राहिलेली नव्हती.

कॅन्सस राज्यातल्या टोपेका गावात १९३० मध्ये तिचा जन्म झाला. पंचवीस पूर्ण व्हायच्या आत तिला अशी संधी मिळाली, की दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, आता आपण तारका होणार. एलिया कझानच्या 'ईस्ट ऑफ ईडन'मध्ये जेम्स डीनसमोर तिचा प्रवेश आहे. कुंटणखान्यातली एक घाबरलेली मुलगी, या मुलाच्या ओढीनं बोलायला लागते आणि आपण भलतंच बोलून बसू या भीतीनं मागे सरते. मिळाला तर बघ. डीनवरून नजर हटत नाही असं सगळे म्हणतात, पण त्या प्रवेशात तुझी नजर तिच्यावर जाईल. पाठोपाठ हेलन हेजसारख्या ज्येष्ठ नटीबरोबर टेनेसी विल्यम्सच्या नाटकातली लॉरा, आणि १९५७ मध्ये विल्यम्सच्याच 'ऑर्फियस डिसेंडिंग'च्या पहिल्या ब्रॉडवे प्रयोगांत कॅरल. ते नाटक अडुसष्ट प्रयोगांत बंद पडलं.

तारका ती झाली नाही. पुढची बरीच वर्षं टीव्ही, दुपारच्या मालिका, अधूनमधून नाटकं. १९७० मध्ये 'फाइव्ह ईझी पीसेस'मध्ये तिनं जॅक निकल्सनची पियानोवादक बहीण केली. ध्वनिमुद्रण चालू असताना वाजवता वाजवता गुणगुणणारी आणि त्यामुळे तंत्रज्ञांना वैताग आणणारी. भूमिका छोटी, पण समीक्षकांच्या राष्ट्रीय संस्थेनं त्या वर्षीचं सहाय्यक अभिनेत्रीचं पारितोषिक तिला दिलं. चित्रपटांनी मात्र तिला नंतरही बहुतेक एकेका प्रवेशापुरतंच बोलावलं. 'ट्विस्टर'मध्ये वादळामागे धावणाऱ्या पोरांना अंडी आणि स्टेक खाऊ घालणारी मावशी, 'मायनॉरिटी रिपोर्ट'मध्ये काचघरात विषारी वेली वाढवणारी शास्त्रज्ञ. या कामांना मी कमी लेखत नाही. तरी सरळ सांगते, तिच्या ताकदीची नटी सिनेमानं पुरती वापरली नाही. वय वाढलेल्या बायकांना तिथे बहुधा कुणाची तरी आई, कुणाची तरी आजी एवढंच लिहिलं जातं, आणि आपल्याकडेही तेच आहे, हे मी तुला समजावून सांगायची गरज नाही.

मग ती टिकली कशी? माझं उत्तर असं, की जिथे नाटक नव्यानं घडत होतं, तिथे ती राहिली.

तिची साठी जवळ आली असताना शिकागोच्या स्टेपनवुल्फ या नटांनीच उभ्या केलेल्या मंडळीनं स्टाइनबेकच्या 'द ग्रेप्स ऑफ रॅथ' या कादंबरीवरून नाटक बसवलं. त्यातली आई, मा जोड, लोईसनं केली. १९८८ मध्ये शिकागोत सुरू झालेलं ते नाटक लंडनला गेलं आणि १९९० मध्ये ब्रॉडवेवर आलं. पुढे ती त्या मंडळीची सभासद झाली. तिच्याबरोबरचे बहुतेक नट तिच्याहून वीस-पंचवीस वर्षांनी लहान. १९९६ मध्ये त्यांनीच बसवलेल्या सॅम शेपर्डच्या 'बरीड चाइल्ड'मध्ये ती ब्रॉडवेवर होती. त्या नाटकात तिच्या पात्राचा आधी बराच वेळ वरच्या मजल्यावरून फक्त आवाज येतो, बाई दिसत नाही. केवळ आवाजानं घरावर सत्ता गाजवायची. तुला वाक्यं मोजायची सवय लागली आहे म्हणून हे मुद्दाम सांगते.

आणि मग 'द ट्रिप टू बाउंटिफुल'. याच्यावर जरा रेंगाळते, कारण एक भूमिका अनेक नट्यांच्या हातांतून कशी जाते ते यात दिसतं. हॉर्टन फूटनं हे नाटक १९५३ मध्ये लिहिलं, आधी टीव्हीसाठी, त्याच वर्षी ते रंगमंचावरही आलं. कॅरी वॉट्स नावाची म्हातारी ह्यूस्टनमध्ये मुलाच्या छोट्याशा घरात राहते. सुनेला तिची भजनं खपत नाहीत, आणि दरमहा येणाऱ्या पेन्शनच्या चेकवर मात्र सुनेचं बारीक लक्ष. एक दिवस कॅरी चेक लपवून घराबाहेर पडते आणि बालपणीच्या बाउंटिफुल गावाकडे जाणारी बस धरते. त्या गावात आता कुणीच उरलेलं नाही. एवढीच गोष्ट आहे. पहिली कॅरी मूकपटांच्या काळापासून गाजलेली लिलियन गिश. १९८५च्या चित्रपटात जेराल्डीन पेज, तिला ऑस्कर मिळालं. २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या सिग्नेचर थिएटरात लोईस, वय ७५. नाटककार तेव्हा नव्वदीला टेकलेला, हयात, आणि सुनेच्या भूमिकेत त्याची सख्खी मुलगी हॅली फूट. ओबी आणि ड्रामा डेस्क ही दोन्ही पारितोषिकं लोईसला त्या कामासाठी मिळाली. २००८ मध्ये शिकागोत तिनं हीच भूमिका पुन्हा केली.

कॅरीची भूमिका हातात आली की कुठल्याही नटीला मोह होतो तो गोड म्हातारी रंगवायचा. पण कॅरी लबाड आहे, हट्टी आहे, चेक लपवताना मुलाशी धडधडीत खोटं बोलते. तिचा तो हट्ट ठेवला नाही तर बसमधला प्रवास नुसता केविलवाणा होतो. दया आली की प्रेक्षक सुटतो. कॅरीबरोबर त्याला प्रवास करावासा वाटला पाहिजे.

२०१३ मध्ये ब्रॉडवेवर सिसली टायसननं कॅरी केली आणि ८८व्या वर्षी टोनी मिळवलं. सर्वांत वयोवृद्ध विजेतीचा जो मान तेव्हा टायसनकडे गेला, तोच आठ वर्षांनी लोईसकडे आला. दोघी एकाच भूमिकेतून गेलेल्या. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. 'माझी भूमिका तिला दिली' म्हणून तू पत्रात चिडली आहेस ना? भूमिका कुणाच्या मालकीची नसते, पोरी. ती तुझ्याआधी कुणाची तरी होती आणि तुझ्यानंतर कुणाची तरी होईल. ती तुझ्या हातात असेल तेव्हा तू तिच्यात काय शोधलंस, एवढंच तुझं.

ऐंशी ओलांडल्यावर लोईसनं काय केलं असेल? तरुण लेखकांची नवी नाटकं. २०१४ मध्ये लॉस एंजेलिसला जॉर्डन हॅरिसनचं 'मार्जोरी प्राइम'. स्मृती हरवत चाललेली ८५ वर्षांची बाई आणि तिच्याशी बोलायला यंत्रानं घडवलेला तिचा दिवंगत, पण तरुण वयातला नवरा. पुढच्या वर्षी तेच नाटक न्यूयॉर्कला, मग २०१७ मध्ये त्याचा चित्रपट, तिन्हीकडे मार्जोरी तीच. त्याच २०१५ मध्ये ॲनी बेकरच्या 'जॉन'मध्ये एक आंधळी म्हातारी. बेकर, हॅरिसन, लोपेझ, तिघंही वयानं तिच्या निम्म्याहून लहान. म्हाताऱ्या बाईसाठी जुन्या नाटकांत फारसं लिहिलेलं नसतं हे खरं, पण नवं लिहिणाऱ्यांच्या समोर ती उभी असेल तर लिहिलं जातं. आणि ही बरीचशी नाटकं ऑफ-ब्रॉडवेवरची, म्हणजे पाचशेच्या आतल्या खुर्च्यांच्या नाट्यगृहांतली. तिथे पैसा कमी असतो. म्हणून तिच्या मालिका आणि एकेक प्रवेशाचे सिनेमे यांचीही मला किंमत वाटते. तू मालिकेतलं काम घेतलंस याची माझ्यापाशी लाज बाळगू नकोस. फक्त त्या पैशांवर वर्षातून एखादं नवं नाटक करायची सोय ठेव. नव्या लेखकांच्या संहितांचं वाचन जिथे होतं तिथे जात जा, वाचायला माणूस कमी पडला तर पुढे हो, मग ते पात्र सत्तरीचं असलं तरी. स्पर्धेच्या एकांकिकांपुरतीच तुझी ओळख राहू देऊ नकोस.

एक गोष्ट लपवणार नाही. काही भूमिका खरोखरच लहान असतात. चहा आणून ठेवला आणि गेली, असं पात्र कितीही चिंतन केलं तरी मोठं होत नाही, आणि दर वेळी असंच काम मिळत असेल तर त्या मंडळीतून बाहेर पडायला हरकत नाही. पण तुझ्या पत्रावरून मला हे पात्र तसं वाटत नाही. स्वतः तपासून बघ. संहितेतून तुझी बाई काढून टाक आणि शेवटचा अंक वाच. काहीच बिघडलं नाही तर तुझी तक्रार रास्त आहे, मी स्वतः दिग्दर्शकाशी बोलेन. पण अंक अडखळला, तर कुठे अडखळला त्या ओळीवर पेन्सिलीनं खूण कर. तुझं काम तिथे आहे.

शेवटी येणाऱ्या पात्राला आणखी एक करावं लागतं. तुझी पाळी येईपर्यंत तालमीला बाहेर मोबाइल घेऊन बसू नकोस. पहिल्या अंकापासून आत बस. प्रेक्षकांनी तोवर काय ऐकलं, कशावर हसले, कुणावर त्यांचा राग आहे, हे तुला माहीत नसेल तर तू आत येशील ती दुसऱ्याच नाटकातून आल्यासारखी.

आणि वाक्यं मोजणं सोड. त्या बाईला ती सहाच वाक्यं का बोलावीशी वाटतात, बाकी ती काय गिळते आहे, ते मला सांग. पुढच्या रविवारी सकाळी ये. तुझी पानं तेवढी नको, पूर्ण संहिता आण. आपण पहिल्या पानापासून वाचू. तुझी बाई येईपर्यंतची सगळी पात्रं मी वाचेन, तू ऐक.

खूप आशीर्वाद.

तुझी,
ताई