आशीर्वाद आला, आता त्याचं काय करू?

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

यावेळी टपालात एकाच धाटणीची पत्रं निघाली, सगळी सातारा-सांगली पट्ट्यातली. रस्त्यात, बँकेत, दुकानात, देवळात कुणी अनोळखी माणूस देवाचं नाव घेऊन आपलं भलं चिंततो, तेव्हा करायचं काय? म्हणून बाकीची पत्रं (सासू, फ्लॅटचं पार्किंग, परत सासू) पुढच्या अंकाला ढकलली आहेत, रागावू नका.

प्रश्न: ताई, मी करंज्यात राहतो, देव मानत नाही, कॉलेजात असल्यापासून नाही. परवा बँकेत एका आजींना पैसे काढायची स्लिप भरून दिली, त्यांना दिसत नव्हतं आणि शिपाई जेवायला गेलेला. आजी म्हणाल्या, "समर्थ तुझं कल्याण करतील बाबा, लेकराबाळांना सुखी ठेवतील." मी म्हटलं, "आजी, मी देवबिव काही मानत नाही, माझं कल्याण माझं मी बघतो." बायको सोबत होती, ती घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. तिच्या मते मी उद्धटपणा केला. माझं म्हणणं, मान डोलावून गप्प बसलो असतो तर ती लबाडी झाली असती. डॉक्टर दाभोलकरांच्या गावात राहून एवढंही बोलायचं नाही का?
*एक नास्तिक, सातारा*

उत्तर: बायकोचं बरोबर आहे.

आता का ते सांगते. लबाडी कधी होते, कुणी तुम्हाला विचारलं की बाबा तू देव मानतोस का, आणि तुम्ही भीतीपोटी हो म्हणालात, तर ती लबाडी. आजींनी काही विचारलंच नव्हतं. त्यांना तुमच्या कामाचं देणं फेडायचं होतं आणि हातात पासबुकाशिवाय काही नव्हतं. त्या पिढीला, त्यातून खेड्यातल्या बायकांना, थँक्यू म्हणायची सवयच नाही, घरच्याला कोण थँक्यू म्हणतं, त्या काम करणाऱ्या माणसाला सरळ लेकराच्या जागी धरतात आणि तिथून त्याच्या पोराबाळांपर्यंत जाऊन पोचतात. साताऱ्यात सज्जनगड डोक्यावर, म्हणून तुमच्या वाट्याला समर्थ आले. गोंदवल्याकडं असता तर महाराज आले असते, पालीला असता तर खंडोबा. नाव त्यांचं असतं हो, पण सगळं बोलणं तुमच्याबद्दल चाललेलं असतं. आणि तुम्ही तेवढं सोडून नावाला धरून बसलात.

डॉक्टरांचं नाव काढलंत म्हणून त्यांच्याच बाजूनं बोलते. 1989 साली अंधश्रद्धा निर्मूलन समिती काढली तेव्हापासून ते लोकांना सांगत फिरले की आमचा देवाधर्माला विरोध नाही, देवाधर्माच्या नावावर जी लुबाडणूक चालते तिला आहे. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांचा खून झाला, चार दिवसांत जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला, डिसेंबरात विधिमंडळात कायदा पास झाला. तो कायदा कधीतरी वाचा, लांबलचक नाहीये. प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना हा कायदा लागू नाही असं त्यातच लिहून ठेवलंय. आणि गुन्ह्यांच्या यादीत काय आहे, तर साप किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र, गंडेदोरे करत बसणं. म्हणजे त्याच आजी उद्या म्हणाल्या की नातवाला साप चावलाय आणि मांत्रिकाकडं घेऊन चाललेय, तर तिथं बोला की, मोठ्यानं बोला, अख्खी रांग थांबली तरी चालेल. तुमची सगळी धार त्या वेळेसाठी राखून ठेवा ना, स्लिपवर कशाला घालवता.

खोटं बोलायचं नसेल तर नका बोलू. "सावकाश जा आजी, बाहेर पायरी आहे" एवढं म्हणायचं. यात देव नाही आणि उद्धटपणाही नाही. आणि बायकोला चहा करून द्या.

प्रश्न: मी मिरजेत एका दवाखान्याबाहेरच्या मेडिकलमध्ये कामाला आहे, मुस्लिम आहे. पेशंटचे नातेवाईक येतात, टेन्शनमध्ये असतात, उरलेली इंजेक्शनं परत घेतली, चिठ्ठी नीट समजावून सांगितली की खूप आशीर्वाद देतात. कुणी म्हणतं स्वामी तुझ्या पाठीशी राहतील, अथणीकडची माणसं कानडीत म्हणतात देवरु ओळ्ळेदु माडली, म्हणजे देव भलं करो. माझ्या तोंडून आपोआप "आमीन" निघतं. मालक चांगला आहे, पण म्हणतो गिऱ्हाइकासमोर आमीन नको म्हणत जाऊ, उगाच कुणाला खटकेल. दुसरं म्हणजे मागच्या महिन्यात दोन पोरं आली, गोळ्या घेतल्या आणि हसत हसत म्हणाली, आधी जय श्रीराम म्हण, मग पैसे देतो. मी नाही म्हटलं. नंतर वाटलं म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं, एरवी गिऱ्हाईक रामराम म्हणालं की मीही म्हणतोच की.
*काउंटरवरचा, मिरज*

उत्तर: भाऊ, तुमचं आमीन मला फार आवडलं. समोरचा म्हणतो तुझं भलं होवो आणि तुम्ही म्हणता तसंच होवो, याहून सरळ उत्तर कुठलं असणार. मिरजेत मिशनचा दवाखाना 1894 पासून आहे, तेव्हापासून या गावात चार जिल्ह्यांचे आणि कर्नाटकातले पेशंट येतायत आणि त्यांचे नातेवाईक रात्री-अपरात्री ज्यानं मदत केली त्याला जे देव येतात त्या देवांच्या नावानं आशीर्वाद देतायत. ज्या बाईची आई आत ऑपरेशनला आहे आणि जिच्या हातात फाईल, एक्सरेचा लिफाफा आणि डब्याची पिशवी आहे, तिनं तुमच्या तोंडावरून हात ओवाळून स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली, तर तिला तेव्हा तुमचा धर्म दिसलेलाच नसतो आणि तुमचं आमीनही खटकत नसतं. मालकांना माझ्यातर्फे सांगा, वाळवा तालुक्यात गोटखिंडीला 1980 पासून गणेशोत्सवात गणपती मशिदीत बसतो, मग तुमच्या काउंटरवर एक आमीन बसायला काय हरकत आहे. तरी त्यांना काळजी वाटत असेल तर मनातल्या मनात म्हणा आणि वरून "आईला लवकर आराम पडू दे" म्हणा, तुमचं काही कमी होत नाही. दुकान त्यांचं आहे, त्यांच्या भीतीलाही कारण असेल.

दुसऱ्या गोष्टीचं मात्र वेगळं आहे. रामराम म्हणणारं गिऱ्हाईक तुम्हाला काहीतरी देत असतं, तुम्ही ते परत देता, बाजारात आपल्याकडं सगळ्या जातीधर्माची माणसं एकमेकांना रामराम घालत आलीयेत. ती दोन पोरं काही द्यायला आलीच नव्हती, ती वदवून घ्यायला आली होती, पैसे अडवून. तो आशीर्वाद नाही आणि नमस्कारही नाही. शब्द कुठला का असेना, उद्या कुणी दुसऱ्या धर्माचं वाक्य दुसऱ्या पोराकडून असंच वदवून घेतलं तरी मी हेच म्हणेन. राज्यघटनेच्या 25 व्या कलमात धर्म पाळायच्या हक्काआधी सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य लिहिलंय, म्हणजे काय म्हणायचं आणि काय नाही हे तुमचं तुम्ही ठरवायचं. तुम्ही नाही म्हणालात, आवाज न चढवता म्हणालात, बास झालं. परत आली तर "बिल एवढं झालं" इतकंच बोलायचं, हसायचं पण नाही, आणि मालकांना बाहेर बोलवायचं.

प्रश्न: ताई, मी सांगलीत राहते, मिस्टर जाऊन काही वर्षं झाली. टिकली लावते, बांगड्या घालते, मला आवडतं म्हणून. परवा गणपती मंदिरात एका बाईंनी खोबऱ्याचा तुकडा हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "अखंड सौभाग्यवती राहा." मी हात जोडले आणि निघाले, पण दिवसभर मन खात राहिलं की त्यांना फसवलं का. मागं एकदा नरसोबाच्या वाडीला खरं सांगितलं होतं. ती बाई कुंकू लावायला बोट पुढं करत होती, मी म्हटलं मिस्टर नाहीत, तर तिनं ते बोट तसंच मागं घेतलं आणि पदराला पुसलं. तेव्हापासून सांगायची भीती वाटते.
*एक वाचक, सांगली*

उत्तर: ते पदराला पुसलेलं बोट वाचून मी पत्र थोडा वेळ बाजूला ठेवलं. दत्ताच्या दारात उभं राहून असं करावंसं वाटतं माणसाला, आणि वर त्या बाई घरी जाऊन म्हणाल्या असतील दर्शन छान झालं.

तुम्ही कुणालाही फसवलेलं नाही. टिकली म्हणजे काही नवरा जिवंत असल्याचा दाखला नाही, आणि देवळात खोबरं घ्यायला तुम्हाला कुणापुढं आपली हकीकत सांगायची गरज नाही. वाडीच्याच तालुक्यातलं हेरवाड आठवा, मे 2022 मध्ये तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत, आणि त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढलं की बाकीच्या गावांनीही असं करावं. एवढं सगळं गावानं बसून ठरवावं लागलं यातच काय ते आलं, पण ठरवलं ना.

परत कुणी असं म्हणालं तर हात जोडून "तुम्हीही सुखी राहा" म्हणा आणि चालू लागा. सांगावंसं वाटलं तर सांगा, ते तुमच्या त्या दिवशीच्या मनावर, त्यात धीटपणाची परीक्षा नाही. समोरची ओशाळली तर तिचं ओशाळणं तिला सांभाळू दे, तुम्ही तिची समजूत काढत बसू नका, बायका हे फार करतात, दुःख आपलं आणि धीर दुसऱ्याला.

आणि आता जरा आशीर्वाद देणाऱ्यांशी बोलते, माझ्या वयाच्या बायकांशी. अनोळखी बाईला नवरा आहे, तिला पोर हवंय, तिच्या पोटी मुलगाच यायला हवा, हे सगळं आपण एका वाक्यात गृहीत धरतो. एस्टीत शेजारी बसलेल्या पोरीला "पुढच्या वर्षी पाळणा हलू दे" म्हणतो आणि ती बिचारी दवाखान्यातूनच येत असते, फाईल मांडीवर पालथी घालून. मन आपलं साफ असतं, कबूल. तरी "सुखात राहा", "तब्येत सांभाळ", "औक्षवंत हो" असं साधं म्हणता येतंच की, देवाचं नाव घालायचं असेल तर तेही घाला, पण त्याला कामं नका वाटून देऊ.

प्रश्न: मी अकरावीत आहे, फलटणला. माउलींची पालखी येते तेव्हा आमच्या कॉलनीतली मुलं पाणी वाटतात. एका आजोबांना ग्लास दिला तर त्यांनी "माउली" म्हणून माझ्याच पायाला हात लावला. मला कसंतरीच झालं, मी मागं सरकलो. मित्र हसले. काय करायला पाहिजे होतं?
*पाणीवाला*

उत्तर: मागं नाही सरकायचं रे, तूही वाकायचं. वारीत कोण लहान कोण मोठं बघत नाहीत, एकानं पायाला हात लावला की दुसराही लावतो, दोघांचं एकाच वेळी होतं आणि डोकी आपटतात कधीकधी. तुझी श्रद्धा आहे का नाही हे त्या आजोबांना बघायचंही नाही, ते लोणंद, तरडगाव करत चालत आलेत, तू पाणी दिलंस, विषय संपला. फक्त वाकायच्या आधी हातातला जग खाली ठेव, नाहीतर त्यांच्या टोपीवर सांडशील.