वाचक विचारतात : ही मालिका कोणत्या जातीची?

प्रश्न : रोजची मालिका, मिनी सिरीज, अँथॉलॉजी, वेब सिरीज, आमच्या घरी सगळ्यांना ‘सिरीयल’च म्हणतात. नेमका फरक कशात? (एक वाचक, जुळे सोलापूर)

गोष्टीचा शेवट कुठे ठेवलाय ते बघा, निम्मं कोडं सुटेल. रोजच्या मालिकेचा शेवट बऱ्याचदा लेखकालाही ठाऊक नसतो. टीआरपी आहे तोवर गोष्ट चालते. ‘चार दिवस सासूचे’ तीन हजारांहून जास्त भाग चालली, नावात चारच दिवस असूनसुद्धा! मिनी किंवा लिमिटेड सिरीजचा शेवट आधी ठरतो, मग पहिलं पान लिहिलं जातं. ‘चेर्नोबिल’ (२०१९) पाच भागांत संपली. ‘ब्योमकेश बक्षी’ किंवा ‘सीआयडी’मध्ये माणसं तीच, प्रकरण नवं, मधले चार भाग चुकले तरी बिघडत नाही. अँथॉलॉजीत माणसंही बदलतात आणि धागा उरतो तो विषयाचा किंवा गावाचा, जसं ‘मालगुडी डेज’मध्ये.

वेब सिरीज हा मात्र प्रकारच नव्हे. ते दाखवायचं ठिकाण झालं. तिथे यातलं काहीही असू शकतं.

प्रश्न : जुन्या मालिका तेराच भागांच्या का असायच्या? आणि परदेशी मालिकेवर ‘सिरीज २’ लिहिलेलं असतं, ती वेगळी मालिका का? (एक वाचक, नवी पेठ)

वर्षाचे आठवडे ५२, तिमाहीचे १३. आठवड्याला एक भाग, म्हणून १३, २६, ५२ असा हिशेब. दुसऱ्याचं उत्तर सोपं : अमेरिकेत ज्याला ‘सीझन’ म्हणतात त्यालाच ब्रिटनमध्ये ‘सिरीज’ म्हणतात. ‘शेरलॉक’ची पहिली सिरीज दीड-दीड तासाच्या तीनच भागांची होती.

प्रश्न : सोलापूरच्या चार हुतात्म्यांवर रोजची मालिका लिहून वाहिनीकडे पाठवायची आहे. सुरुवात कशी करू? (एक वाचक, अशोक चौक)

विषय उत्तम, प्रकार चुकला. हिशेबच मांडू. अर्ध्या तासातून जाहिराती, मागच्या भागाची उजळणी आणि उद्याची झलक काढली की गोष्टीला साधारण २२ मिनिटं उरतात. आठवड्याला सहा भाग म्हणजे १३२ मिनिटं. तुमची गोष्ट मे १९३० मध्ये सुरू होते आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात संपते. ४५ मिनिटांचे सहा भाग केले तर २७० मिनिटं. रोजच्या मालिकेत हा ऐवज दोन आठवड्यांत संपेल. तिसऱ्या आठवड्यापासून पाणी घालावं लागणार : एका वाक्यावर पाच चेहरे, प्रत्येकावर ढोल, आणि मग कुणाच्या तरी घरी न घडलेलं सासू-सुनेचं भांडण.

म्हणून लिमिटेड सिरीज. पहिला भाग गांधीजींच्या अटकेची बातमी सोलापुरात पोचते तिथला. दुसरा गोळीबार आणि जाळपोळीचा, तिसरा १२ मेपासूनच्या लष्करी कायद्याचा. मग खटला, अपिलाची धडपड आणि शेवटी येरवडा. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा यांना एकेक भाग वाटून देण्याचा मोह होईल. तो टाळा. तेच मेचे दिवस चारदा दाखवावे लागतील.

शेवट तर सोलापुरात या चौघांच्या पुतळ्यांवरून जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. त्यामुळे ‘फाशी होणार का?’ यावर भाग तोडू नका. निकालाचंच घ्या. रोजच्या मालिकेत न्यायाधीश तोंड उघडतात आणि ब्रेक येतो. इथे निकाल भागाच्या मध्यावर वाचून टाका. उरलेली वीस मिनिटं ती बातमी घरी कोण, कशी सांगतो याला द्या. भाग तिथे तोडा.

पाठवताना एक पान संकल्पना, प्रत्येक भागाची पाच-सहा ओळींची ‘वन-लाइन’, पात्रांची ओळख आणि संवादांसह पूर्ण पहिला भाग, एवढं पुरे. सहाही भागांचे संवाद आधीच लिहून बसू नका, बदल सांगतातच. आणि पाठवण्याआधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व घेऊन लेखनाची नोंदणी करा. ती ऑनलाइन होते.

प्रश्न : सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेवर (सिद्धेश्वराच्या जत्रेवर) विनोदी मालिका चालेल का? (एक वाचक, मुरारजी पेठ)

सिटकॉम, म्हणजे ठरलेल्या घरात ठरलेल्या माणसांची विनोदी मालिका, म्हणून नाही. सिटकॉमला दर भागाच्या शेवटी घडी होती तशी बसवावी लागते : तेच घर, तीच माणसं, मालकाची खोड तीच. दोन-तीन कायमचे सेट असतात म्हणून ती स्वस्तही पडते. यात्रा आज आहे, उद्या पाळणे उतरले. त्यापेक्षा पूर्वभागातलं, म्हणजे सोलापूरच्या तेलुगू विणकरांच्या वस्तीतलं, एखादं घर घ्या, जिथे आजी तेलुगूत रागावते, नातू मराठीत उत्तर देतो आणि खालच्या मागाच्या खडखडाटात दोघांनाही अर्धंच ऐकू येतं. गड्डा त्यातल्या एका भागात येऊ द्या.

यात्राच हवी असेल, तर एकेका स्टॉलची स्वतंत्र गोष्ट करून अँथॉलॉजी करा. पण दर भागाला नवे नट आणि नवी जागा लागेल. खर्च आधी मांडून बघा.