चित्राचा अर्थ नंतर, आधी चित्र

वाचकांचे प्रश्न : चित्ररसास्वाद

चित्र कसं बघावं हे शिकवणाऱ्या प्राथमिक वर्गांना जाणाऱ्या वाचकांची पत्रं आमच्याकडे आली. त्यांतले पाच प्रश्न या अंकात घेतले आहेत. बहुतेकांची अडचण एकच दिसते: चित्रासमोर उभं राहिलं की लगेच त्याचा अर्थ शोधायला सुरुवात होते आणि बघायचं राहून जातं.

आम्हाला वर्गात एका चित्रासमोर वीस मिनिटं उभं राहायला सांगतात. माझं बघून दोन मिनिटांत होतं. उरलेल्या वेळात काय करायचं? (एक वाचक, सातारा)

दोन मिनिटांत होतं ते ओळखणं. बाई आहे, हातात दिवा आहे, झालं. रोजच्या व्यवहारात डोळ्याला एवढंच काम असतं. ही सवय मोडायला वीस मिनिटं मुळीच जास्त नाहीत, फक्त त्या मिनिटांना काम नेमून द्यावं लागतं.

सोबत वही आणि पेन्सिल ठेवा, शाईचं पेन नको. चित्राशेजारची पाटी वाचू नका. चित्राचा कर्ण जेवढा असेल त्याच्या साधारण दुप्पट अंतरावर उभे राहा, म्हणजे मान न वळवता सगळं चित्र नजरेत मावतं. पहिली पाच मिनिटं दिसतं ते लिहा, पण निष्कर्ष लिहू नका. ‘दुःखी बाई’ असं लिहिलंत तर बघणं तिथेच थांबतं. ‘मान खाली, नजर डावीकडे, ओठ मिटलेले, खांदा पुढे झुकलेला’ असं लिहिलंत की ती दुःखी का वाटली, हे हाताला लागतं. कधी ती दुःखी नव्हतीच, नुसती दमलेली होती, हेही कळतं.

मग डोळे किलकिले करा. बारकावे पुसले जातात आणि उजेड-अंधाराचे ठोकळे उरतात. सगळ्यांत उजळ जागा कुठली, सगळ्यांत गडद कुठली, त्या एकमेकींना लागून आहेत का, हे पाहा. जिथे या दोन टोकांची गाठ पडते तिथे नजर आधी जाते, आणि चित्रकाराने ती गाठ बहुधा जाणूनबुजून तिथे घातलेली असते. हे ठोकळे वहीत पाचेक मिनिटांत उतरवा. चौकट ५ × ७ सेंटिमीटरच्या आसपास पुरे आणि छटा तीनच: कोरा कागद, मधली, गडद. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे आधी आकृती काढायची आणि चौकट शेवटी तिच्याभोवती ओढायची. तसं केलं की रचना चुकते, कारण आकृतीच्या चारही बाजूंना किती जागा सोडली आहे हाच रचनेचा अर्धा भाग असतो. आधी मूळ चित्राच्या प्रमाणात चौकट आखा, मग आत शिरा. चित्रकला येत असण्याची गरज नाही. एलिमेंटरी, इंटरमीजिएटला कुठली श्रेणी मिळाली होती याचा इथे संबंध नाही.

शेवटची पाच मिनिटं जवळ जा, हाताच्या अंतरावर. रंग कसा लागला आहे, जाड की पातळ, कुठे खरवडला आहे, कुठे खालचा कागद दिसतो, ते पाहा. त्यानंतर पाटी वाचा आणि पुन्हा मागे सरकून एकदा पूर्ण चित्र पाहा.

हातात दिवा घेतलेल्या बाईचं एक चित्र छापील रूपात असंख्य घरांत लागलेलं आहे. पुष्कळांना ते राजा रविवर्म्याचं वाटतं. ते सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांनी १९४५-४६च्या सुमारास काढलं आणि मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. त्यात उजेडाचं उगमस्थान एकच, आणि तेही तळहाताने झाकलेलं. त्यामुळे आपल्याला ज्योतीपेक्षा तिच्या उजेडाने उजळलेल्या गोष्टी दिसतात: बोटांच्या फटींतून येणारी लाली, चेहरा, पदर. हे सगळं किलकिल्या डोळ्यांनी कळतं. मग पाटी वाचली की समजतं, हे जलरंगातलं चित्र आहे. पारदर्शक जलरंगात पांढरा म्हणजे खालचा कागद. तैलरंगात उजेड शेवटी वरून ठेवता येतो. इथे तो आधीच ठरवून राखावा लागतो आणि अंधार त्याच्याभोवती एकेक थर देत वाढवावा लागतो. हे कळल्यावर मागे जाऊन तेच चित्र पुन्हा बघा. ती बाई जपते आहे तो उजेड चित्रकारालाही तसाच जपावा लागला होता.

मोबाइलवर चित्र मोठं करून बारकावे दिसतात. मग संग्रहालयात कशासाठी जायचं? (एक वाचक, नांदेड)

मोबाइलवर तीन गोष्टी हरवतात. पहिली आकार. घारापुरीचा सदाशिव साडेपाच मीटरच्या आसपास उंच आहे आणि लघुचित्र पोथीच्या पानासारखं हातात धरून, वीतभर अंतरावरून बघण्यासाठी केलेलं असतं. पडद्यावर दोन्ही सारखीच. दुसरी गोष्ट पृष्ठभाग आणि तिसरी रंग, कारण पडदा मागून उजळतो आणि चित्र समोरून पडलेला उजेड परत देतं. तयारी करायला, घरी आल्यावर पडताळा घ्यायला मोबाइल चांगला आहे.

पृष्ठभाग वाचायला शिकायचं असेल तर रविवर्म्यासारखा धडा नाही. त्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि त्या छापखान्यातली देवदेवतांची चित्रं घरोघरी पोचली. मूळ तैलचित्र आणि हे ओलिओग्राफ (तैलचित्रासारखी दिसणारी छापील चित्रं) यांतला फरक दहापट भिंगातून ओळखता येतो. तैलचित्रात कुंचल्याचे वळ दिसतात, रंग कुठे जाड, कुठे पातळ असतो, आणि जुन्या चित्रात बारीक तडे असतात. ओलिओग्राफमध्ये प्रत्येक रंगासाठी छपाईचा वेगळा दगड असे. म्हणून भिंगाखाली हाताने टिंबलेले, अनियमित ठिपके दिसतात, आणि एखादा दगड केसभर सरकला असेल तर साडीच्या काठाशी दुहेरी कड दिसते. कॅनव्हाससारखा पोत पुष्कळदा वरून दाबून दिलेला असतो, म्हणून तो आकाशात, कातडीवर, दागिन्यावर सगळीकडे एकसारखाच असतो. आणि अलीकडची ऑफसेट छपाई असेल तर चार रंगांचे ठिपके नियमित फुलासारखे मांडलेले दिसतात. जुन्या बाजारात ‘अस्सल’ म्हणून विकली जाणारी पुष्कळ चित्रं या तिसऱ्या कसोटीवर पडतात.

सातारा जिल्ह्यात औंधच्या श्रीभवानी संग्रहालयात रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत. तिथेच धुरंधरांची चित्रं आणि हेन्री मूरचं आई-मुलाचं शिल्पही आहे. भिंगाची परीक्षा घरच्या छापील चित्रावर करा. संग्रहालयात काचेपासून लांब राहा आणि चित्राकडे बाजूने, तिरप्या उजेडात पाहा. तेवढ्याने पुरेसं कळतं.

अजिंठ्याला जाऊन आलो. अंधार, गर्दी, तपकिरी डाग, यापलीकडे फारसं काही दिसलं नाही. आमचं काय चुकलं? (एक वाचक, अकोला)

चूक बहुधा वेगाची झाली. उन्हातून आत शिरल्यावर डोळे अंधाराला सरावायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात बहुतेक लोक दोन लेणी संपवून पुढे जातात. आत गेल्यावर पहिली दहा मिनिटं खांब आणि छत पाहा, भिंतीकडे नंतर वळा. मोबाइलचा पडदा उघडला की डोळे पुन्हा पहिल्यापासून सरावावे लागतात, म्हणून तो खिशात ठेवा. फ्लॅशला तर मनाई आहेच. सोमवारी लेणी बंद असतात. उरलेल्या दिवसांत पायथ्याकडून सुटणाऱ्या पहिल्या बसने वर जा. तीस लेणी एका दिवसात बघायचा हट्ट धरू नका. चित्रांसाठी १, २, १६ आणि १७ घ्या, जुन्या काळासाठी १०, आणि शिल्पासाठी १९ किंवा २६. नववं आणि दहावं लेणं इसवी सनापूर्वीचं, तर पहिलं आणि सतरावं पाचव्या शतकातलं, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातलं. मध्ये काही शतकं गेली आहेत, हे रेषेतच दिसतं.

तपकिरी डागांचं कारण निराळं आहे. १९२०-२२मध्ये निजाम सरकारने इटलीहून जीर्णोद्धारक बोलावले. सुटत चाललेला गिलावा त्यांनी पक्का केला, पण वर लाखेचं वार्निशही दिलं. ते पुढे पिवळं-तपकिरी पडलं आणि त्याच्यावर धूळ, काजळी बसली. त्याआधी या चित्रांच्या नकला काढणाऱ्यांनीही वार्निश फासलं होतं. म्हणजे आपल्याला दिसतो तो करपटपणा चित्रकारांचा नाही. जिथे सफाई झाली आहे तिथला रंग पाहून बाकीची भिंत मनात उजळून घ्यावी लागते. आणि ही चित्रं ओल्या चुन्यावर रंगवलेली नाहीत. मातीत भाताचा तूस, गवत कालवून गिलावा केला, त्यावर चुन्याचा पातळ हात दिला, तो सुकल्यावर डिंक-सरसासारख्या चिकट द्रव्यातले रंग लावले. ओल्या चुन्यात रंग मुरून दगडासारखा होतो. इथे तो वर बसलेला आहे, म्हणून दमट हवा त्याला मारक ठरते. एका वेळी आत मोजकेच लोक सोडतात ते यासाठी. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी हे रंग सहज मिळणारे. निळा मात्र अफगाणिस्तानातल्या बदख्शानमधून आलेल्या लाजवर्द या निळ्या दगडाचा. म्हणून दुसऱ्या टप्प्यातल्या, म्हणजे पाचव्या शतकातल्या चित्रांत निळा कुठे आणि किती वापरला आहे, हे मोजत चला.

पहिल्या लेण्यात मागच्या भिंतीवर, गाभाऱ्याच्या दाराच्या डाव्या हाताला पद्मपाणी, म्हणजे हातात कमळ घेतलेला बोधिसत्त्व आहे. त्याच्या अंगावर उजेड कुठून पडला आहे, हे शोधा. सापडणार नाही. युरोपीय चित्रात खिडकी किंवा दिवा ठरवून त्याप्रमाणे सावली टाकतात. इथे कडेला गडद आणि मध्ये उजळ करत अवयवाला गोलाई दिली आहे. जुन्या चित्रशास्त्रात याला वर्तना म्हणतात. त्यामुळे ही मूर्ती बाहेरून उजळलेली न वाटता आतूनच उजळल्यासारखी वाटते. हा गोडवा कशामुळे आला, असं कुणी विचारलं तर बोट ठेवून दाखवता येईल अशी ही जागा आहे.

सतराव्यातल्या जातककथा (बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टी) डावीकडून उजवीकडे वाचायला गेलात तर गोंधळ उडतो. विश्वंतर जातकात तोच राजपुत्र वेगवेगळ्या ठिकाणी पुन्हा पुन्हा येतो. प्रसंगांच्या मध्ये आखलेली चौकट नाही. दार, झाड, खडक यांनी जागा तोडली आहे. त्यामुळे ‘पुढे काय झालं’ याऐवजी ‘हे कुठे घडलं’ असं विचारत जा. राजवाड्यातले प्रसंग एकीकडे, अरण्यातले दुसरीकडे असं मनात मांडलंत की भिंत बोलायला लागते. कथा मात्र घरूनच वाचून जा. इथे आधी वाचायला हरकत नाही, कारण हे चित्र काढलं तेव्हा समोरच्या माणसाला ती ठाऊक होती.

अमूर्त चित्रात काय बघायचं? (एक वाचक, पणजी)

काय दिसतं ते. इथे ओळखायला वस्तू नसते, त्यामुळे ओळखण्याचा मोह आपोआप टळतो. सुरुवात वासुदेव गायतोंड्यांपासून करा. जन्म नागपूरचा (१९२४), घराणं गोव्याचं. आपल्या चित्रांना ते ‘अमूर्त’ म्हणवून घेत नसत. कुठल्याही वस्तूपासून ती निघालेली नाहीत असं ते मानत. रंग रोलरने पसरायचा, पॅलेट नाइफने (रंग कालवायच्या पात्याने) उचलायचा, पुन्हा थर द्यायचा, अशी त्यांची रीत होती. त्यांच्या चित्रासमोर विचारायचे प्रश्न अगदी साधे आहेत: कुठला थर वर, कुठला खाली? आकाराची कड धारदार आहे की विरघळलेली? सगळ्यांत वजनदार जागा वर आहे की खाली, आणि तरीही चित्र कलंडत का नाही? त्या जागेवर बोट धरून (हवेत!) ती झाका आणि फरक पाहा. आकारांत झाड, चेहरा, डोंगर शोधू लागलात की समजा, वीस मिनिटं पाण्यात गेली. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या संग्रहात त्यांची चित्रं आहेत. मुंबईकरांनी सरावासाठी काळा घोड्याच्या जहांगीर कलादालनात जावं. प्रवेश मोफत असतो, दर आठवड्याला प्रदर्शनं बदलतात, आणि चित्रकार बहुधा तिथेच बसलेले असतात. त्यांना ‘अर्थ काय’ असं विचारण्याऐवजी ‘सगळ्यांत आधी कुठला रंग लागला’ असं विचारलंत तर बोलणं लांबतं.

वर्गात लिहिलेल्या रसग्रहणावर ‘वर्णन आहे, विश्लेषण नाही’ असा शेरा मिळाला. (एक वाचक, कोल्हापूर)

‘रंगसंगती आकर्षक आहे’ हे वाक्य कुठल्याही चित्राखाली चालतं, म्हणून ते कुठल्याच चित्राबद्दल नसतं. मताच्या प्रत्येक वाक्यापुढे ‘कारण’ लिहा आणि त्यापुढे चित्रात बोट ठेवता येईल अशी गोष्ट. ती सापडली नाही तर वाक्य खोडा.

कामसूत्रावरच्या यशोधराच्या टीकेत चित्राची सहा अंगं सांगितली आहेत: रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य आणि वर्णिकाभंग. ती पाठ करून निबंधात उतरवू नका, प्रश्न म्हणून वापरा. वेगवेगळे आकार एकमेकांपासून कसे ओळखू येतात? कोण मोठं, कोण छोटं, आणि का? भाव कुठल्या अवयवात आहे? चेहऱ्यात असेलच असं नाही.

रविवर्म्याची पायातला काटा काढणारी शकुंतला घ्या. वर्णन असं: ती एका पायावर उभी आहे, मागे वळून बघते आहे, सख्या पुढे आहेत. विश्लेषण असं: काटा काढणाऱ्या माणसाची नजर तळपायाकडे हवी, हिची पाठीमागे आहे, हात एक सांगतो, मान दुसरं, म्हणून काटा हे निमित्त ठरतं. दुष्यंत चित्रात नाहीच. तो चौकटीबाहेर, तिची नजर जाते तिथे आहे. मग एक पडताळा घ्या: अंगठ्याने तिचा चेहरा झाका. उरते ती काटा काढणारी साधी मुलगी. मग चेहरा उघडा आणि पाय झाका. दोन्ही वेळा काय बदललं ते चार ओळींत लिहा. पुढच्या वेळी तीच चार वाक्यं वहीत सगळ्यांत वर असू द्या, कथा त्यांच्याखाली.